इंडेक्सरला हद्द हवी, हद्दपारी नको

कॉम्प्युटर मंद झाला की पहिला संशय अँटिव्हायरसवर जातो आणि दुसरा सर्च इंडेक्सरवर. टास्क मॅनेजर उघडावा, डिस्कच्या रकान्यात १००% दिसावे, यादीत सर्चइंडेक्सर वरच्या बाजूला असावा, आणि शेजारच्या जाणकाराने सांगावे की सर्व्हिसेसमध्ये जा, विंडोज सर्च शोधा, डिसेबल करा, मशीन पळायला लागेल. हा सल्ला दुरुस्तीच्या दुकानात मिळतो, ऑफिसातल्या आयटीवाल्याकडून मिळतो आणि पीसी फास्ट करण्याच्या युक्त्या सांगणाऱ्या जवळपास प्रत्येक व्हिडिओत मिळतो. तो इतक्या सहजपणे दिला जातो की तो तपासून पाहावा असे कोणाला वाटतच नाही. माझे म्हणणे असे की बहुतेकांसाठी तो चुकीचा आहे. इंडेक्सिंगने मशीन अडते ही तक्रार खोटी नाही. पण अडते तेव्हा दोष इंडेक्स असण्यात नसतो, त्याच्या पोटात काय काय कोंबले आहे यात असतो. आणि ते बदलायला सेवा मारून टाकावी लागत नाही.

आधी हे काम काय आहे ते पाहू. इंडेक्सर ठरवून दिलेल्या फोल्डरांतली प्रत्येक फाइल एकदा उघडतो, तिच्या प्रकाराला साजेशा फिल्टरकडून मजकूर काढून घेतो, शब्द सुटे करतो आणि कोणता शब्द कोणत्या फाइलींत आहे याची उलटी नोंद डेटाबेसमध्ये ठेवतो. पहिली फेरी संपली की तो पुन्हा सगळे चाळत बसत नाही. विंडोजची एनटीएफएस फाइल-सिस्टीम आपल्यातल्या बदलांची नोंदवही स्वतःच ठेवते. त्या नोंदींवरून फक्त बदललेल्या फाइली पुन्हा वाचल्या जातात. म्हणजे खर्चाचे दोन भाग पडतात: सुरुवातीचा एक मोठा हप्ता आणि नंतरचे किरकोळ हप्ते. बंद करा म्हणणारे पहिल्या हप्त्याकडे बोट दाखवतात आणि तो कायमचा आहे असे गृहीत धरतात. शिवाय इंडेक्स नसला तर तो खर्च वाचतो हेही गृहीत धरतात, आणि तेही खरे नाही. समजा एखाद्या लॅपटॉपमध्ये ५४०० आरपीएमची फिरती हार्ड डिस्क आहे. तिच्या तबकडीचा एक फेरा सुमारे ११ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि हेड योग्य ठिकाणी सरकायला आणखी १२ मिलिसेकंद धरले तर विखुरलेले एक वाचन साधारण १७ ते १८ मिलिसेकंदांना पडते. सेकंदाला साठसुद्धा होत नाहीत. एक लाख फाइली आणि प्रत्येकीला अशी तीन वाचने धरली, तर निव्वळ हेड हलवण्यातच सुमारे दीड तास गेला. इंडेक्स हा दीड तास एकदा खर्च करतो, तोही शक्यतो मशीन रिकामे असताना. इंडेक्स नसताना मजकुरातला शब्द शोधायचा म्हटले तर त्या लाख फाइली दर वेळी उघडाव्या लागतात, आणि तेव्हा माणूस स्क्रीनसमोर ताटकळत बसलेला असतो.

प्रत्यक्षात होते ते याहून वाईट, कारण विंडोज एवढा उशीर लावतच नाही. इंडेक्समध्ये नसलेल्या जागी शोधताना फाइल एक्सप्लोररची मूळ मांडणी फाइलींची नावेच बघते. मजकूरही बघायचा असेल तर फोल्डर ऑप्शन्समध्ये वेगळी खूण करावी लागते, आणि त्या खुणेशेजारी मायक्रोसॉफ्टनेच कंसात लिहून ठेवले आहे की याला काही मिनिटे लागू शकतात. सेवा बंद करणाऱ्यांपैकी ही खूण कितीजण करतात? म्हणून सेवा बंद केल्यावर शोध हळू होतो असे म्हणणेही अपुरे आहे. तो आखडतो, आणि आखडल्याचे ठळकपणे सांगत नाही. करारनाम्यात आलेल्या सर्व्हे नंबरावरून फाइल शोधणाऱ्याला ‘काही सापडले नाही’ असे उत्तर मिळते, तो फाइल हरवली असे समजतो आणि करारनामा पुन्हा टाइप करायला घेतो. हा वेळ कोणत्याच टास्क मॅनेजरमध्ये दिसत नाही, त्यामुळे सल्ला देणाऱ्याच्या हिशेबातही येत नाही. क्लासिक आउटलुक वापरणाऱ्याला निदान सूचना तरी मिळते: विंडोज सर्च बंद असल्याने शोधावर परिणाम होईल. मोठी मेलबॉक्स असलेल्या माणसाला ती सूचना किती महागात पडते हे त्यालाच विचारावे.

मग हा सल्ला खरा का वाटतो? कारण तो नेमक्या वाईट घडीला दिला जातो. माणूस तक्रार करतो ती नवे मशीन घेतल्यावर, विंडोजचे मोठे अपडेट झाल्यावर, जुन्या डिस्कवरचा सगळा डेटा नव्यावर ओतल्यावर किंवा आउटलुकमध्ये नवे खाते जोडल्यावर. या सगळ्या वेळी इंडेक्सर पहिल्या फेरीत असतो. त्याच क्षणी तो बंद केला की डिस्कचा आकडा धाडकन खाली येतो आणि उपाय लागू पडला अशी खात्री पटते. एक-दोन दिवस थांबले असते तर आकडा आपोआप खाली आला असता, हे पडताळून बघायची संधी सल्ल्याने स्वतःच हिरावून घेतलेली असते. त्याहून गमतीची गोष्ट ‘रीबिल्ड’ या बटणाची. शोध नीट चालत नाही म्हणून लोक ते दाबतात, पहिली फेरी शून्यापासून सुरू होते, मशीन मंदावते, वैतागून सेवा बंद करतात, काही दिवसांनी अडचण आली की पुन्हा चालू करतात आणि मधल्या काळातले सगळे बदल भरून काढायचे काम नव्याने अंगावर घेतात. सर्वांत महाग हप्ता पुन्हापुन्हा भरायचा आणि फायदा घ्यायच्या आधीच करार मोडायचा, असा हा व्यवहार आहे.

या सल्ल्याला वयही बरेच आहे, आणि जन्माच्या वेळी तो रास्त होता हे मान्य केले पाहिजे. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये इंडेक्सिंग सर्व्हिस नावाचा प्रकार होता. त्या काळच्या डिस्का हळू होत्या, मेमरी तुटपुंजी होती, आणि मुख्य म्हणजे डिस्कच्या कामाला अग्रक्रम देण्याची सोय त्या विंडोजमध्ये नव्हती. इंडेक्सरचे वाचन आणि तुम्ही उघडलेल्या वर्ड फाइलचे वाचन एकाच रांगेत, एकाच मानाने उभे राहत. त्यात ऑक्टोबर २००४ मध्ये गूगल डेस्कटॉप आला आणि एप्रिल २००५ मध्ये मॅकच्या टायगर आवृत्तीत स्पॉटलाइट आले. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आले तेव्हा शोध त्याच्या अंगातच मुरवलेला होता. ज्यांनी व्हिस्टावर गूगल डेस्कटॉपही बसवला त्यांच्या मशीनवर दोन इंडेक्सर तीच डिस्क उपसत होते. गूगलने याबद्दल अमेरिकी न्याय खात्याकडे तक्रार केली. व्हिस्टाचा शोध सहज बंद करता येत नाही आणि दोन्ही एकत्र चालले की मशीन मंदावते, हा तिचा एक मुद्दा होता. जून २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये बदल करायचे कबूल केले. इंडेक्सिंग म्हणजे मंदपणा हे समीकरण लोकांच्या मनात या काळात पक्के झाले. पण इंडेक्सरला कमी अग्रक्रमाचे डिस्क-वाचन व्हिस्टापासूनच मिळाले होते, कीबोर्ड-माउस हलू लागला की स्वतःचा वेग आवरायची शिस्तही त्याला लागली होती, पुढे २०११ मध्ये गूगल डेस्कटॉप बंद पडला, आणि बहुतेक नव्या लॅपटॉपांत फिरत्या तबकडीची जागा एसएसडीने घेतली, जी तशीच विखुरलेली वाचने सेकंदाला हजारोंनी उरकते. परिस्थिती बदलली, सल्ला मात्र एक्सपीच्या जमान्यातलाच राहिला.

इथे दुसऱ्या टोकाचे लोक खूश होतील, आणि त्यांनाही उत्तर दिले पाहिजे. इंडेक्सर पार्श्वभूमीवर चालतो, रिकाम्या वेळेत चालतो, त्याचा त्रास होतो म्हणणारे भ्रमात आहेत, असे सांगणारा एक वर्ग आहे. तो बहुधा वेगवान एसएसडी आणि १६ जीबी मेमरीच्या मशीनवर बसून बोलत असतो. कमी अग्रक्रमाचा अर्थ एवढाच की विनंती मागे उभी राहते. एकदा हेड इंडेक्सरच्या फाइलीकडे गेले की ते परत आणायचे मिलिसेकंद तुमच्याच कामातून जातात. शिवाय इंडेक्सर एकटा नसतो. त्याने फाइल उघडली की अँटिव्हायरसचा पहारेकरी जागा होऊन तीच फाइल तपासू शकतो. क्लाउडशी जोडलेले फोल्डर असेल तर तिकडून उतरलेली प्रत्येक फाइल ही इंडेक्सरसाठी नवी बातमी असते. एखाद्या प्रकारच्या फाइलीचा फिल्टर बिघडलेला असला, आणि बाहेरच्या कंपन्यांनी दिलेल्या पीडीएफ फिल्टरांत हे घडलेले आहे, तर प्रोसेसर तासन्‌तास त्याच खड्ड्यात अडकून राहतो. तेव्हा मशीन मंद झाल्याचे सांगणारा माणूस खोटे बोलत नाही. लक्षण तो अचूक सांगतो. चुकते ते निदान.

निदान योग्य करायचे तर आकड्यापासून सुरुवात करावी. विंडोजच्या इंडेक्सिंग ऑप्शन्स या खिडकीत सर्वांत वर किती गोष्टींची नोंद झाली आहे ते लिहिलेले असते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मार्गदर्शनानुसार बहुतेकांच्या इंडेक्समध्ये ३०,००० पेक्षा कमी गोष्टी असतात, जास्त वापर असलेल्यांचा आकडा ३ लाखांपर्यंत जातो, ४ लाखांच्या पुढे कामगिरी घसरू लागू शकते आणि १० लाख ही मर्यादा आहे. हे वाचल्यावर ‘इंडेक्सिंग चालू की बंद’ हा प्रश्नच पोरकट वाटू लागतो. पत्रे, हिशेब आणि मुलांच्या प्रकल्पांच्या काही हजार फाइलींचा इंडेक्स आणि सहा लाख फाइलींचा इंडेक्स यांत एकच सेवा चालते म्हणून दोन्हींना एकच औषध द्यायचे? सहा लाख येतात कुठून हेही बघण्यासारखे आहे. कोणीही माणूस सहा लाख पत्रे लिहीत नाही. वेब प्रोग्रामिंग करणाऱ्याच्या प्रत्येक प्रकल्पात नोड-मॉड्यूल्सचे एक फोल्डर असते आणि त्यात दुसऱ्यांनी लिहिलेल्या हजारो बारीक फाइली असतात, ज्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलबरोबर बदलतात. त्यांतला एक शब्दही तो विंडोजच्या शोधखिडकीतून शोधणार नसतो. फोटोग्राफरकडे मूळ फोटोंशेजारी तयार झालेली लघुचित्रे असतात, हिशेबनिसाकडे टॅलीच्या डेटाचे रोजचे बॅकअप असतात, आणि जवळपास प्रत्येकाकडे ‘जुना लॅपटॉप’ नावाचे एक फोल्डर असते ज्यात आधीच्या मशीनची पूर्ण नक्कल, तिच्या आतल्या नकलेसकट, पडून असते. ही अडगळ इंडेक्समधून काढली की आकडा कोसळतो आणि त्याबरोबर डिस्कवरचा ताणही.

काढण्याची रीत अवघड नाही. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून शोधाच्या सेटिंगमध्ये क्लासिक आणि एन्हान्स्ड असे दोन पर्याय आहेत. क्लासिकमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारखे वापरकर्त्याचे स्वतःचे फोल्डर येतात, एन्हान्स्डमध्ये सगळा पीसी येतो. अनेक पीडित मशीनांवर कोणीतरी हौसेने एन्हान्स्ड निवडून ठेवलेले असते. त्याच पानावर वगळायच्या फोल्डरांची यादी भरता येते. त्याही पुढची सोय इंडेक्सिंग ऑप्शन्सच्या प्रगत भागात आहे आणि ती फार कमी लोक वापरतात: प्रत्येक प्रकारच्या फाइलीसाठी मजकूर वाचायचा की फक्त नाव आणि तारखेसारखे तपशील नोंदवायचे हे वेगवेगळे ठरवता येते. वर्ड आणि पीडीएफचा मजकूर ठेवावा, लॉग आणि एक्सएमएलचा काढून टाकावा. मॅकवर स्पॉटलाइटच्या सेटिंगमध्ये वगळण्याची अशीच यादी आहे. बिघडलेल्या फिल्टरचा उपायही इथेच आहे: त्या एका प्रकाराचा मजकूर वाचणे थांबवायचे, बाकी इंडेक्स जागेवर राहतो.

यावर सर्वांत बळकट आक्षेप एव्हरीथिंग या छोट्या प्रोग्रामच्या चाहत्यांचा असतो. तो एनटीएफएसची मुख्य फाइल-सूची थेट वाचतो, त्यामुळे ताज्या विंडोजमधल्या लाखभर फाइलींची नावे काही सेकंदांत जमवतो आणि अक्षर टाइप करताच उत्तर देतो. एवढे हलके साधन असताना मायक्रोसॉफ्टचा बोजड इंडेक्सर पोसायचा कशाला? ज्याला फाइलींना नीट नाव द्यायची सवय आहे आणि ते नाव आठवते, त्याच्यासाठी हा आक्षेप निर्णायक आहे. त्याने खुशाल विंडोज सर्च बंद करावा. पण हे साधन वेगवान आहे ते मुख्यतः नावांपुरतेच बघते म्हणून, हे त्याच्या स्तुतीत अनेकदा सांगायचे राहते. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ अशा नावांच्या जगात मजकुराची नोंद हाच आधार उरतो. लिनक्सवाल्यांनी हा वाद आपल्याआधी भोगला आहे. त्यांच्याकडे रात्री नावांची यादी बनवून ठेवणारे लोकेट पूर्वीपासून होते. मग सुसेसारख्या वितरणांतून बीगल आला आणि मेमरी खातो म्हणून शिव्या खाऊ लागला. केडीई ४ मधल्या नेपोमुकने तर मंदपणात बीगललाही मागे टाकले अशी त्याची ख्याती झाली. २०१४ मध्ये केडीईने नेपोमुक काढून त्याच्या जागी बालू आणला, इंडेक्सिंग मात्र ठेवले. आज बालूच्या सेटिंगमध्ये मजकुराची नोंद करायची की नाही याला स्वतंत्र खूण आहे आणि फोल्डर वगळण्याची सोय आहे. मायक्रोसॉफ्टशी संबंध नसलेली माणसेही दोनदा हात पोळून घेऊन शेवटी हद्द आखण्यावरच आली, याला मी पुरावा मानतो.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. इंडेक्स म्हणजे तुमच्या कागदपत्रांतल्या शब्दांची दुसरी नोंद, आणि ती दुसऱ्याच्या हाती लागू शकते. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगल डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीने एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावरचे शोधण्याची सोय आणली, तेव्हा फाइलींतला मजकूर गूगलच्या सर्व्हरवर जात होता, आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने ती सोय वापरू नका असे जाहीरपणे सांगितले होते. पण तिथे आक्षेप नोंद बाहेर जाण्याला होता. मशीनवरच राहणाऱ्या नोंदीबाबत प्रश्न उरतो तो कोणते फोल्डर नोंदवायचे हाच: वकिलाने अशिलांचे, डॉक्टरने रुग्णांचे फोल्डर वगळावे. स्टार्ट मेनूतल्या शोधात बिंगचे निकाल घुसतात ही चीडही मला मान्य आहे, फक्त ती इंडेक्सरवर काढू नये. त्या निकालांशी त्याचा संबंध नाही.

मराठीत काम करणाऱ्यांचा एक आक्षेप मात्र असा आहे की त्याला इंग्रजी सल्लागारांकडे उत्तर नसते, कारण तो त्यांच्या गावीच नसतो. आपल्या डीटीपी केंद्रांत, छापखान्यांत आणि बऱ्याच जुन्या कार्यालयीन दफ्तरांत वर्षानुवर्षांचा मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत पडून आहे. पडद्यावर देवनागरी दिसते. फाइलीच्या आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी असते. इंडेक्सर तीच खिचडी निष्ठेने वाचतो, सुटी करतो, नोंदवतो. देवनागरीत ‘ठराव’ शोधले तर एकही ठराव सापडत नाही. स्कॅन करून ठेवलेल्या पीडीएफमध्ये तर नोंदवायला मजकूरच नसतो. अशा मशीनवर मजकुराचा इंडेक्स म्हणजे शुद्ध घाटा, आणि तो मालक वैतागला तर चूक त्याची नाही. तरी तिथेही सरसकट बंदीपेक्षा तोड बरी: या जुन्या फोल्डरांची फक्त नावे आणि तारखा नोंदवाव्यात, युनिकोडमधल्या नव्या कामाचा मजकूर चालू ठेवावा. युनिकोडमध्ये गेल्यावरही सगळे सुरळीत होते असे नाही. शोध शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवला जातो, आणि ‘शाळा’ टाइप केले तर ‘शाळेत’ आणि ‘शाळेचा’ हातून निसटतात. ‘शाळ’ एवढेच टाइप करावे म्हणजे तिन्ही येतात. इंडेक्सरला नाकर्ता ठरवण्यापूर्वी एवढे करून बघायला हरकत नाही.

बंद करणेच योग्य, अशी मशीने आहेतच. ४ जीबी मेमरी, फिरती डिस्क, आणि दिवसभर एकच बिलिंगचा प्रोग्राम चालतो असा दुकानातला पीसी. किंवा ज्यावर कोणी शोध घेतच नाही असा फाइल सर्व्हर. तिथे इंडेक्स कोणासाठी ठेवायचा? अशा ठिकाणी सेवा बंद करणे हाही हद्द ठरवण्याचाच एक निर्णय आहे, फक्त हद्द शून्यावर आणलेली. माझा विरोध त्याला नाही, न बघता सगळ्यांना तेच सांगण्याला आहे. आणि या गोंधळाचा मोठा वाटा बनवणाऱ्यांकडे जातो. नवे विंडोज पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ते तुमचे लोकेशन वापरू का विचारते, जाहिरातींसाठी ओळख-क्रमांक चालेल का विचारते, निदानाची माहिती किती पाठवू विचारते. कोणत्या फोल्डरांतला मजकूर वाचून ठेवू, हे त्या सगळ्या पडद्यांत एकदाही विचारले जात नाही. ते बारकाईने ठरवायचे असेल तर मालकाला ज्या खिडकीपर्यंत जावे लागते ती आजही जुन्या कंट्रोल पॅनेलच्या वळणाची, इवलीशी, ताणून मोठीही न होणारी आहे. सर्व्हिसेसमध्ये जाऊन डिसेबल म्हणणे त्यापेक्षा सोपे पडते.